जलाशयातील पळसनाथ



बारामतीहून भिगवणला आणि तेथून सोलापूर रस्त्याने पुढे गेले की इंदापूर तालुक्यातील पळसदेव लागते. आज गाव रस्त्यालगत आहे. पळसनाथाचे जुने मंदिर मात्र भीमेच्या जुन्या काठीच राहिले. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि त्या काठावर यशवंतसागर पसरला. माणसे घरदार उचलून वर आली. प्राचीन मंदिर पाण्यात गेले.

एरवी पाण्यावर त्याचे शिखर तेवढे दिसते. जलाशय फार ओसरला म्हणजे दगडी खांब, सभामंडप आणि भोवतीचे वीरगळ उघडे पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले आणि पाहणाऱ्यांची रीघ लागली.

परंतु हे दर्शन घडते ते टंचाईच्या वर्षी. धरणाच्या सुमारे ११७ अब्ज घनफूट साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. त्यालाही हात घालावा लागतो, तेव्हा मंदिर मोकळे होते. त्याच दिवसांत काठचा शेतकरी ओसरत्या पाण्यामागे पंप आणि पाइप पुढे पुढे नेत असतो. पाहुण्यांचे कुतूहल आणि त्याची चिंता एकाच चिखलात उभी असतात.

म्हणून तेथे जाणाऱ्याने दगड हलवू नये, शिळेवर नाव कोरू नये; आणि परतताना येत्या पावसाळ्यात पळसनाथ पुन्हा पाण्याखाली जावा, अशीच इच्छा करावी. गावाने सोडलेल्या भूमीचे सार्थक त्या पाण्यातच आहे.