प्रश्नचिन्हांच्या ओव्या

बिद्री म्हटलं की आपल्याला दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आठवतो, उसाच्या गाड्यांची रांग आठवते. कागल तालुक्यातल्या याच बिद्रीत राहून मी मराठीत कविता लिहितो. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. संगणकाशी संबंध टायपिंगपुरता. तरी आज बोलणार आहे ते संगणकावर सॉफ्टवेअर बसवताना येणाऱ्या चुकांबद्दल. कारण अशाच एका चुकीत आमच्या घरातल्या दोन ओव्या गेल्या.

आमच्या घरात बोलणं दखनी वळणाचं. पण अम्मी जात्यावर बसली की ओवी मराठीच. त्या ओव्या मी वहीत उतरून घेतल्या होत्या. वही कोल्हापुरात एका मित्राकडे होती, 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात तिचा लगदा झाला. अम्मी त्याआधीच अल्लाला प्यारी झाली होती. नशिबानं मजकूर टाईप करून ठेवलेला होता, म्हणून वाचला.

2021 च्या पावसाळ्यात पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीनं त्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारं एक छोटं ॲप्लिकेशन लिहिलं. 'माहेर' असा शब्द टाकला की माहेराच्या सगळ्या ओव्या समोर. नवी ओवी भरायचीही सोय. ते 'जँगो' नावाच्या तयार सामग्रीवर उभं होतं. ही सामग्री अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झाली, 2005 साली सर्वांना खुली झाली, आणि तिला नाव दिलं ते जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. हे वाचून मला ती जरा आपली वाटली, एवढंच. बसवताना तिनं काही सवलत दिली नाही.

भाचीच्या संगणकावर सगळं चालत होतं. माझ्या जुन्या, उबुंटूवर चालणाऱ्या संगणकावर पहिल्याच पायरीला पन्नास-साठ तांबड्या ओळी. मी काय केलं? जे सगळे करतात तेच. सगळं काढून टाकलं, परत बसवलं. परत तांबडं. इंटरनेटवर जी आज्ञा दिसेल ती उतरवून टाकली. असे तीन दिवस गेले. शेवटी भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामू, चुकीत काय लिहिलंय ते वाचलंत का?"

वाचलं नव्हतं. तांबडं दिसलं की माझे डोळेच मिटायचे.

"वरनं वाचू नका. शेवटची ओळ आधी वाचा, मग वर जा."

मराठी डावीकडून वाचतो, उर्दू उजवीकडून. हे खालून वर वाचायचं तेवढं राहिलं होतं. पायथन भाषेत चुकीची हकिगत अशीच छापली जाते, सगळ्यात ताजी गोष्ट सगळ्यात खाली. तिथं स्वच्छ लिहिलं होतं : 'मायएसक्यूएल-कॉन्फिग' सापडत नाही. मग तिनं समजावलं ते मला लगेच पटलं, कारण आम्ही उसाच्या मुलखातली माणसं. काही पॅकेजेस तयार गुळासारखी येतात. हे, डेटाबेसशी बोलणारं पॅकेज, लिनक्सवर उसासारखं येतं. गूळ तुमच्या संगणकावरच करायचा. त्याला चरक लागतो, काहील लागते. म्हणजे कंपायलर, आणि पायथनच्या व डेटाबेसच्या विकासासाठीच्या वेगळ्या फायली. ऊस तीनदा आणला, गुऱ्हाळच नव्हतं. त्या फायली बसवल्या आणि पाच मिनिटांत काम झालं.

इथं मला शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही.

पहिली ओवी जतन केली तर पुन्हा तांबडं. या खेपेला तक्रार डेटाबेसची : या रकान्यासाठी ही अक्षरं चुकीची आहेत. भाचीला सारखं काय विचारायचं, म्हणून मी इंटरनेटवर शोधलं. कुणी लिहिलं होतं, डेटाबेसचा कडक नियम बंद करा. सेटिंगच्या फायलीत एक ओळ बदलली, सर्व्हर पुन्हा चालू केला. चूक गायब. ॲप्लिकेशन सुरू करताना जँगोनं एक इशारा दिला होता, कडक नियम चालू नाही म्हणून. पण तो तांबडा नव्हता. मी पुढं गेलो.

त्या संध्याकाळी खालाजान आली होती, अम्मीची धाकटी बहीण, ऐंशीच्या घरात. खुशीत होती. तिनं नऊ ओव्या सांगितल्या, त्यातली एकही वहीत नव्हती. ती सांगत गेली, मी थेट त्या पडद्यावर टाईप करत गेलो. प्रत्येक वेळी 'जतन झाले' असा हिरवा संदेश. मग जुनी फाईलही आत ओढून घेतली.

सकाळी उघडून पाहिलं तर सगळी प्रश्नचिन्हं.

कारण साधं होतं. डेटाबेसला सांगावं लागतं की अक्षरं कोणत्या संचात साठवायची. माझ्याकडे मायएसक्यूएलची 5.7 ही आवृत्ती होती. काही सांगितलं नाही तर ती 'लॅटिन-वन' धरते, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांपुरता संच. त्यात 'क'ला जागाच नाही. भाचीकडे 8.0 होती. 2018 साली आलेल्या त्या आवृत्तीपासून जगातल्या बहुतेक लिप्या मावतील असा संच आपोआप धरला जातो. म्हणून तिच्याकडे चाललं. आणि 5.7 चा कडक नियम मला सांगत होता की बाबा, हे माझ्यात मावत नाही. मी त्याचं तोंड बंद केलं. मग मावत नाही त्या प्रत्येक अक्षराच्या, काना-मात्रेच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठेवून तो मोकळा झाला.

शब्दांमधल्या मोकळ्या जागा मात्र शाबूत होत्या, त्या लॅटिनमध्येही असतात. त्यामुळं ओवीची चण दिसत होती. कुठला शब्द लांब, कुठला आखूड, थांबा कुठं, सगळं कळत होतं. अक्षर एक नाही.

भाचीनं रात्री फोनवर बसून संच बदलून घेतला, कडक नियम परत चालू केला. तिच्या संगणकावर ज्या-ज्या आवृत्त्या होत्या त्यांची आकड्यांसकट यादी दिली. जुनी फाईल पुन्हा आत घेतली, अम्मीच्या ओव्या आल्या. मी विचारलं, "आणि खालाच्या?"

"मामू, प्रश्नचिन्ह दाखवत नाहीये, तेच साठवलंय. खाली काही उरलं नाही."

मी खालाकडे गेलो. तिला काय सांगणार? म्हटलं, मशीन बिघडलं. ती म्हणाली, "तू लिहून घेतल्यास ना रे, मग मी ध्यानात कशाला ठेवू?" बसून बसून सात आठवल्या. त्यातल्या तीन मला पहिल्यापेक्षा वेगळ्या वाटल्या, पण ताडून बघायला काही नव्हतं. दोन आल्याच नाहीत. त्यातली एक भावाची होती, एवढं आम्हा दोघांनाही आठवतं.

त्या दोन नोंदी मी पुसलेल्या नाहीत. खाला काही सांगू लागली की आता आधी कागद घेतो. कधी ती नुसतंच गुणगुणते, तेव्हा मी त्या दोन ओळी पडद्यावर उघडून बसतो, आणि तिचे शब्द त्या मोकळ्या जागांत बसतात का ते बोटावर मोजून बघतो.