मी गांवीं नाहीं

गेल्या वैशाखांत पंधरा दिवस मुलीकडे जावयाचें ठरलें, तेव्हां मीं माझ्या ई-मेलला एक काम सांगून ठेविलें : येईल त्या पत्रास “मी सध्यां मोठ्या आनंदांत सुटी घालवीत आहें, परत आल्यावर लिहीन” असें उत्तर परस्पर जावें. जन्मभर शाळेंत रजेचा अर्ज वेळेवर देणारा मी! ही सोय मला मोठी शिष्टाचाराची वाटली.

आम्हां निवृत्त शिक्षकांची एक सामायिक टपालयादी आहे. एका पत्त्यावर पत्र टाकलें कीं तें सर्व सभासदांना पोंचतें. चौथ्या दिवशीं तिच्यावर आमच्या एका सोबत्याच्या निधनाची वार्ता आली. तिला पहिलें उत्तर कोणाचें? माझें! यादीनें तें सर्वांना वांटलें. त्या सर्वांत मीहि होतों, म्हणून तें मलाहि आलें, आणि यंत्रानें त्यालाहि उत्तर धाडलें. व्यवस्थापकांनीं माझें नांव काढीपर्यंत दिवंगताच्या मुलाच्या हातीं माझ्या आनंदाच्या एकवीस प्रती पडल्या होत्या.

श्रोतेहो, या बाबतींत नियम नाहींत असें नाहीं. 2004 सालीं ‘आरएफसी 3834’ या नांवानें स्वयंचलित उत्तरांविषयींच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या आहेत. यादीवरून आलेल्या पत्राच्या शिरोभागीं, आपणांस सहसा न दिसणाऱ्या ओळींत, ‘लिस्ट-आयडी’सारखी खूण असते, ती दिसतांच यंत्रानें मौन धरावें. पत्र मालकाच्या नांवें आलेलें नसेल तर उत्तर देऊं नये. एकाच माणसाला तेंच उत्तर पुन्हां धाडण्यापूर्वीं सात दिवस जाऊं द्यावे. स्वतःच्या उत्तरावर ‘ऑटो-सबमिटेड’ अशी खूण करावी, म्हणजे दुसरें शहाणें यंत्र त्याला उत्तर देत बसत नाहीं.

मला सर्वांत मार्मिक वाटला तो परतीच्या पत्त्याचा नियम. न पोंचलेलें पाकीट पोस्टमन कोठें परत नेतो? पाठीमागें लिहिलेल्या पत्त्यावर. आंतील मजकूर तो वाचीत नाहीं. ई-मेललाहि असा पाकिटावरचा पत्ता असतो, व यंत्राचें उत्तर तेथेंच जावें असें सांगितलें आहे. यादीच्या पत्रावर तो सामान्यतः व्यवस्थेचा असतो. म्हणून यंत्र चुकलें तरी उत्तर सभासदांच्या दारीं जात नाहीं. माझ्या जुन्या प्रोग्रॅमनें यांतला एकहि नियम पाळला नव्हता, आणि मींहि त्याला विचारलें नव्हतें.

त्या मुलाला मीं शाईनें पत्र लिहिलें. आतां बाहेरगांवीं निघतांना यादीचीं पत्रें तेवढ्यापुरतीं बंद ठेवितों. उत्तरांतील ‘आनंद’ हा शब्दहि मीं काढून टाकला आहे. नुसती परतण्याची तारीख ठेविली आहे.