बातमी आणि बातमीमागची दृष्टी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : "पेपरात आले आहे, म्हणजे खरेच असणार." हल्ली त्याच्या उलट वाक्यही तितक्याच जोराने कानी पडते : "पेपरवाले सगळे खोटेच छापतात." दोन्ही वाक्ये बोलणारा माणूस बातमी तपासण्याचे कष्ट वाचवीत असतो. माझे आजचे दोन शब्द या कष्टांविषयी आहेत.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हा पाठ समाविष्ट झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, एवढे पाठ करून विद्यार्थी पुढे जातात. पण दर्पण म्हणजे आरसा. आरसा समोर असेल तेवढेच दाखवितो. तो कोणत्या भिंतीवर टांगावयाचा, हे माणूसच ठरवितो. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 'मूकनायक' काढावे लागले, कारण त्या काळच्या पत्रांत बहिष्कृत समाजाच्या सुखदुःखाला पुरेशी जागा नव्हती. छापलेली बातमी खरी असली, तरी न छापलेली गोष्ट तिच्याहून मोठी असू शकते, हा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्याच जिल्ह्यातला. डिसेंबर २०२४ ची अखेर आणि जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. लगेच 'टक्कल व्हायरस' असे मथळे झळकले. कोणताही विषाणू सापडलेला नव्हता. मग पाण्यातील नायट्रेटची चर्चा झाली, बुरशीची झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने नमुने नेले. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढल्याचे सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले. केस गळाले ही घटना खरी होती. 'व्हायरस' हा शब्द मात्र घाईचा होता. व्हायरस म्हटले की संसर्ग आला, आणि संसर्ग आला की माणसे दूर सरतात. मुलामुलींच्या शिक्षणात खंड पडल्याच्या, जुळत आलेली लग्ने मोडल्याच्याही बातम्या आल्या. एका शब्दाची किंमत गावाला मोजावी लागते, ती अशी.

तिसरा धडा आपल्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून अधिक सावधपणे सांगतो. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजनंतर तबलीगी जमातीविषयी जे छापले व दाखविले गेले, ते आपण विसरलेलो नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांनी या लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला, असे न्या. नलावडे यांनी नोंदविले. आरोपांच्या मथळ्यांनी जेवढी जागा व्यापली होती, तेवढी या निकालाला मिळाली काय, हे प्रत्येकाने आपल्या आठवणीला विचारावे.

परंतु येथेच थांबू नका. खंडपीठावरील दुसरे न्यायमूर्ती सेवलीकर गुन्हे रद्द करण्याशी सहमत होते. निकालपत्रातील काही निरीक्षणांशी मात्र ते सहमत नव्हते व तसे त्यांनी स्वतंत्रपणे नोंदविले. आपल्या मोबाइलवर फिरलेल्या किती संदेशांत हा दुसरा भाग होता? जी चाळणी आपण परक्या बातमीला लावतो, तीच आपल्याला आवडणाऱ्या बातमीला लावणे, हीच खरी निःपक्षपाती दृष्टी. आलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण आपल्याला अपरिचित नाही. आणि नावडती बातमी तेवढी तपासावी, अशी सवलत तीत नाही.

मित्रांनो, संपूर्ण वस्तुनिष्ठ बातमी मिळणे कठीण आहे. वार्ताहरालाही घर आहे, भाषा आहे, मालक आहे, आणि संध्याकाळी पाने सोडण्याची घाई आहे. म्हणून तो लबाडच असतो असे नाही. त्याने कोणाला विचारले, कोणाला विचारलेच नाही, आकडा कोठून घेतला, मथळा मजकुराशी जुळतो का, हे पाहण्याची सवय लावून घ्या. एकच बातमी मराठी व उर्दू अशा दोन्ही दैनिकांत वाचा. जे एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तेथे पेन्सिलीने खूण करा. चूक आढळली तर चौकात बोलण्याऐवजी संपादकांना सभ्य भाषेत, पुराव्यासह पत्र लिहा.

आणि पालकहो, मुलगा डॉक्टर व्हावा, मुलगी शिक्षिका व्हावी, ही आपली इच्छा योग्यच आहे. पण एखाद्या हुशार मुला-मुलीने पत्रकारितेचा अभ्यास करावयाचे म्हटले, तर "त्यात काय मिळणार?" असे म्हणून त्यांना अडवू नका. आरसा कोठे टांगावयाचा हे ठरविणाऱ्यांच्या खोलीत आपलीही मुले असतील, तर तक्रारी करण्याची वेळ कमी येईल.