कानावर पडते ते



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाटक, इतिहास असे भारदस्त विषय झाले. मी पोदेराच्या भोंग्याबद्दल आणि बेडकांबद्दल बोलणार आहे, हे कळल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न आला तो असा की, यावर बोलण्यासारखे आहे तरी काय? तुम्हालाही तो पडला असेल, तर थोडा धीर धरा.

हा विषय मला माझ्या बहिरेपणाने दिला. साठी ओलांडल्यावर आमच्या घरात रोजची एक कुरबुर सुरू झाली. "अहो, तीनदा हाक मारली," असे पत्नी म्हणायची आणि "तू हल्ली पुटपुटतेस," असे मी म्हणायचो. शेवटी मुलाने धरून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कागदावर एक रेघ दाखवली. खालच्या पट्टीत ती सरळ होती, वरच्या पट्टीत मात्र घाट उतरावा तशी घसरलेली. वयाने कान जातो तो असाच, वरच्या स्वरांपासून. म्हणून माणसाला आपण बहिरे झालो असे वाटतच नाही. आवाज येतो, फक्त त्यातले स, श, फ विरतात आणि सारे जग अस्पष्ट बोलू लागले असा समज होतो. रातकिडे तर निरोपही न घेता जातात. आमच्या पेडण्याच्या घरामागचे रातकिडे औषधफवारणीने मेले, असे मी एका सभेत तावातावाने सांगितले होते. ते आज या व्यासपीठावरून मागे घेतो.

यंत्र कानात बसले तो आषाढ होता. पहिल्या दिवशी नुसता वैताग. वर्तमानपत्राचे पान उलटले तरी पत्रा फाटल्यासारखे वाटे. पागोळ्या, नळ, माझ्याच चपला, सगळे एकाच जोराने अंगावर येत होते. यातले काय ऐकायचे आणि काय सोडायचे ते मेंदूने ठरवायचे असते, आणि माझा मेंदू ते काम विसरला होता. संध्याकाळी स्वयंपाकघरातून एक बारीक किणकिण आली. पाहतो तर पत्नीच्या हातातल्या बांगड्या, भाकरी थापताना वाजणाऱ्या. किती वर्षांनी ऐकल्या, ते तिला विचारायचे धाडस मला झाले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वहीत आवाज लिहू लागलो. मास्तरकीची खोड, दुसरे काय! पहाटे पोदेर. आज तो सायकलवरून रबरी भोंगा वाजवीत येतो. पूर्वी बांबूची काठी जमिनीवर आपटीत येई, तिची छमछम मला आठवते. आजीच्या काळात आमच्या घरात पाव शिवत नसत; पण ती छमछम ऐकली की आजी चूल पेटवायला उठे. पाव निषिद्ध, त्याचे घड्याळ मात्र चाले. आता मासेवालाही भोंगाच वाजवतो. दोघांतला फरक मला कळत नाही. आमच्या मांजराला कळतो.

माझी बरीचशी नोकरी डिचोलीत झाली. तिथे पितळेच्या समया घडवणाऱ्यांची ठोकठोक ऐकली, कुंभारांच्या थापीचा ओला, बसका आवाज ऐकला. मडके घेताना तुम्ही-आम्ही ते बोटाच्या पेराने वाजवून घेतो. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. घुमट तरी काय, दोन्हीकडून उघडे मडकेच! मोठ्या तोंडावर कातडे, आणि लहान तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत आवाज वळवायचा. पूर्वी कातडे घोरपडीचे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचे लावतात. 2019 मध्ये गोव्याने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले. जुने वादक म्हणतात, तो नाद राहिला नाही. असेलही. पण घोरपड जिवंत राहून नाद थोडा उतरला, तर मला तो सौदा मान्य आहे.

आता थोडे अडचणीचे बोलतो. डिचोली तालुक्याचा रोजचा आवाज म्हणजे कित्येक वर्षे खनिजाचे ट्रक होते. वर्गात फळ्याकडे वळलो की खिडक्यांची तावदाने थरथरत. कविता शिकवताना दोन ट्रकांमधली फट शोधावी लागे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि रस्ता एकदम गप्प झाला. मला कोण आनंद! सकाळी भारद्वाजाचा घुमणारा आवाज ऐकत मी अंगणात उभा होतो. शेजारच्याने कर्ज काढून ट्रक घेतलेला. तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "मास्तर, मला या शांततेने झोप येत नाही." पुढे खाणी थोड्या सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. आवाजाच्या आनंदाबद्दल लिहायला बसलो की ते वाक्य मधे येते. त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. आता पेडण्याच्या घरावरून मोपाची विमाने जातात. घरातल्या तरुण मुलीला तिथे नोकरी लागली आहे, तेव्हा ती ऐकतानाही मी तोंड वाकडे करत नाही.

बेडकांच्या बाबतीत मात्र माझे मन दुभंगत नाही. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री शेतात साठलेल्या पाण्यात मोठे पिवळे नर ओरडतात, मादीला बोलावण्यासाठी. त्याच आवाजाच्या मागावर बॅटरी घेऊन माणसे येतात. उजेडाने दिपलेला बेडूक जागचा हलत नाही. त्याच्या तंगड्यांना 'जंपिंग चिकन' म्हणतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने 1987 मध्ये बंद केली, त्यांना धरणे कायद्याने गुन्हाही आहे; तरी पावसाळ्यात बॅटऱ्या दिसतातच. काहीजण चांगल्या घरचे असतात. तुमच्या माहितीतले कोणी असतील तर एवढेच सांगा, की आपण त्याला त्याच्या हाकेवरून पकडतो.

1977 मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपण गोमंतकीय अभिमानाने सांगतो. (त्यांची केरी फोंड्याची, तेरेखोलच्या फेरीबोटीची आपली केरी वेगळी.) यान सुटल्यावर काही दिवसांतच बाई गेल्या. तिच्यात एक मराठी नमस्कारही आहे. पण त्याच तबकडीवर पाऊस आहे, पावलांचे आवाज आहेत, आगगाडी आहे, रातकिडे आणि बेडूकही आहेत. पृथ्वीची ओळख सांगायला निवडणाऱ्यांना बाईंच्या सुराइतकाच बेडूकही लागला, हे आपण सहसा सांगत नाही.

यंदा पहिल्या पावसानंतर आमच्या शेतात मी नर मोजले. चार. मी लहान असताना मोजणे शक्यच नव्हते, एवढा तो गदारोळ असे.

रात्री झोपताना यंत्र काढून डबीत ठेवावे लागते. मग मला काहीच येत नाही. दिवा घालवल्यावर पत्नी माझ्या खांद्याला हात लावते आणि चांगल्या कानाशी तोंड आणून सांगते, "आज ओरडतायत हो. पलीकडच्या बांधावर."