जुनी गाडी आणि आरसी बुकावरचं नाव

(कराड येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला होता 'स्त्रिया आणि मालमत्ता'. जमीन, घर, सातबारा यावर बोलणाऱ्या माझ्याहून जाणत्या बाया इथं बसल्यात. मी बोलणार आहे बाहेर चिंचेखाली उभ्या असलेल्या माझ्या मारुती ८०० बद्दल. हसू नका. गाडी २००८ ची. मी २०१६ साली घेतली तेव्हा १,१२,००० किलोमीटर झालेली, आज पावणेदोन लाखांच्या पुढं गेलीय. कंपनीनं ही गाडी बनवणं २०१४ साली बंद केलं, पण सुटे भाग अजून मिळतात आणि तिचं तीन सिलिंडरचं इंजिन आपल्याला समजेल इतकं साधं आहे. रात्री दहानंतर एखाद्या बाईला पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यात न्यायचं तर एसटी नसते, आणि जीप मागायची ती बहुतेक वेळा तिच्या सासरच्याच भावकीत. म्हणून गाडी घेतली.

घेताना पहिला प्रश्न आला तो इंजिनाचा नाही, नावाचा. एजंट म्हणाला, "ताई, भावाच्या नावावर करा, पुढं सोपं पडतं." काय सोपं पडतं ते त्यानं सांगितलं नाही. आमच्या गटातल्या एका ताईनं स्वतःचे दागिने मोडून गाडी घेतली होती, नवऱ्याच्या नावावर. घर सुटलं त्या दिवशी गाडी त्याच्या दारात राहिली, आणि दागिने मोडल्याची साधी पावतीही हिच्याकडं नव्हती. तेव्हा पैसे आपल्या खात्यातून चेकनं द्या आणि कागद आपल्या नावावर करा.

उलटंही सांगते. गाडी विकली आणि नाव बदललं नाही, तर कागदोपत्री मालक तुम्हीच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, गाडी पुढं कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणून नमुना २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून एजंटाकडं देऊन बसू नका, नोंद झाली का ते स्वतः बघा. घेणाऱ्यानं तीस दिवसांत नोंद करून घ्यायची असते, विमा आपल्या नावावर करायला चौदाच दिवस. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता गाडी बघायची कशी? किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो मागं फिरवता येतो. ब्रेक-क्लचच्या पेडलांचे रबर बघा, ड्रायव्हरची सीट बघा. आकडा चाळीस हजार आणि रबर झिजून गुळगुळीत, म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय. विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन चालू होतानाच खरं सांगतं. निळा धूर आला तर ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर पाणी आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ कॉफीसारखं काही चिकटलेलं असलं तर सरळ घरी या. खाली वाकून पत्रा बघा, कोकणातल्या गाड्यांचा तर नक्कीच. साडी खराब होते, होऊ द्या.

हे एवढंच ज्ञान माझ्या कामी आलं. चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात काटा लालवर गेला. गाडी कडेला घेतली, बंद केली. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजतं. थांबले आणि विचार केला. एक गोष्ट लक्षात आली होती, की एवढी तापूनही पुढचा पंखा फिरत नव्हता. पाऊण तासानं पाणी भरलं आणि थांबत थांबत कोयनानगर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं बोनेट उघडलं न उघडलं तोच म्हणाला, "हेड उतरवावं लागेल, अठरा हजार. साहेबांना फोन लावून द्या, त्यांना समजावतो." साहेब कोण? मी म्हटलं, ऑइल स्वच्छ आहे, पांढरा धूर नाही, हेड कशानं गेलं? त्याला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या एका मिस्त्रीकडं नेली. त्यानं बॅटरीवरून थेट वायर पंख्याला लावली, पंखा फिरला. म्हणजे मोटर चांगली, तिला चालू करणारा थर्मो स्विच गेलेला. काम काही शेकड्यांत झालं. तेव्हापासून कुठंही गेले तरी जुना पार्ट परत मागते आणि काय काय करणार ते आधी लिहून घेते.

जुनी गाडी स्वस्त असते असं मात्र मी म्हणणार नाही. पहिल्याच वर्षी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट आणि टायर यांत किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे गेले. आधीच्या मालकानं बेल्ट कधी बदलला याची नोंद नव्हती, आणि तो तुटला तर गाडी जागच्या जागी थांबते, म्हणून वाट न बघता बदलला. पंधरा वर्षं झाल्यावर २०२३ साली नोंदणीचं नूतनीकरण केलं. आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाचं शुल्क आदल्याच वर्षी ६०० वरून ५,००० केलेलं. हा सगळा हिशोब मी वहीत लिहिते, वही गाडीतच असते.

बोलणं पुरे. सकाळपासून गाडी उभी आहे, इंजिन गार झालंय. जिला ऑइलची पट्टी बघायला शिकायचंय तिनं माझ्याबरोबर बाहेर यावं. एक जुनं फडकं आणा. स्टेपनीही बदलून बघू, पाना मी आणलाय.