दप्तराचं ओझं, दुसऱ्यांदा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला वाटलं होतं, शाळेच्या आठवणी सांगायच्या असतील. पण संयोजक म्हणाले, "आठवणी सगळेच सांगणार आहेत. तू बारमाही फिरतीवर असतोस. प्रवासात वापरायला लॅपटॉप कुठला घ्यावा, ते सांग." म्हणून हा विषय.

मी सहकारी संस्थांचं ऑडिट करतो. मार्चअखेर झाली की पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था असा फेरा सुरू होतो, कधी एसटीनं, कधी मोटरसायकलवर. माझा पहिला लॅपटॉप अडीच किलोचा, त्याचा अडॅप्टर अर्ध्या विटेएवढा. एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर पिशवी ठेवली, तर फायली, डबा, पाण्याची बाटली धरून साडेसात किलो भरली. 2020 च्या शासकीय धोरणात मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नसावं असं म्हटलंय. माझं वजन 62 किलो. म्हणजे मी नापास. (गणिताच्या बाईंना आश्चर्य वाटणार नाही.)

खांदा दुखला, तो शेकून बरा झाला. खरा फटका वेगळा होता. एका संध्याकाळी घाईत लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि एसटी पकडली. मशीन बंद झालंच नव्हतं. तेव्हाच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असे. खड्ड्यांच्या रस्त्यानं तिचं व्हायचं ते झालं. तीन संस्थांचं काम गेलं. दुसरी प्रत नव्हती. त्यातल्या एका संस्थेचे सचिव निवृत्तीला आलेले. त्यांनी दोन संध्याकाळी बसून सगळी व्हाउचरं मला पुन्हा वाचून दाखवली. शब्दानं काही बोलले नाहीत. त्याचीच लाज अजून वाटते.

त्यानंतर मी लॅपटॉप बघायची रीत बदलली. आता एसएसडी असते, तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे धक्क्यांची भीती बरीच कमी. पण बंद पडायची तीही पडते. म्हणून रोज संध्याकाळी काम छोट्या बाहेरच्या डिस्कवर उतरवतो आणि ती डिस्क शर्टाच्या खिशात ठेवतो. लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवली तर चोर दोन्ही नेईल. सभासदांची माहिती दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून दोन्ही डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या आहेत. त्याची रिकव्हरी की मात्र घरी कागदावर लिहून ठेवा.

आता वजन. जाहिरातीतलं वजन नुसत्या मशीनचं असतं. दुकानात चार्जरही हातात घ्या. माझा आत्ताचा 14 इंची लॅपटॉप सव्वा किलोचा आहे आणि टाइप-सी चार्जर 65 वॉटचा. त्यावरच फोनही चार्ज होतो. संस्थेच्या कार्यालयात प्लग एकच, त्यात देवाच्या फोटोचा दिवा. तो काढायला सांगण्याची माझी अजून हिंमत झालेली नाही. म्हणून बॅटरी दिवसभर पुरणारी हवी. पॉवर बँकेवर भिस्त असेल तर ती लॅपटॉपला पुरेल इतके वॉट देणारी बघा. फोनची साधी पॉवर बँक इथे कामाची नाही. विमानानं जाणाऱ्यांनी ती 100 वॉट-अवरच्या आतली घ्यावी आणि हातातल्या सामानातच ठेवावी.

हलकेपणाची किंमतही मोजावी लागते. पातळ मशीनमध्ये रॅम बहुधा बोर्डालाच जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. घेतानाच 16 जीबी घ्या. आकड्यांचा वेगळा कीपॅड नसतो. माझ्यासारख्याचा हात त्याशिवाय आंधळा. मी छोटा यूएसबी कीपॅड बाळगतो, शंभर ग्रॅम वाढले तरी चालतील. पेनड्राइव्हचं जुनं मोठं भोक आहे ना, तेही बघून घ्या, कारण सोसायटीचा डेटा अजून पेनड्राइव्हवरच मिळतो. ओसरीवर बसून काम करायचं तर चकचकीत पडदा नको, त्यात आपलंच तोंड दिसतं. किमान 400 निट्सचा, मॅट पडदा घ्या.

हे सगळं चालून बघायला दुकानात अर्धा तास लागतो. विक्रेता कंटाळतो. कंटाळू द्या.

सामान तोलायचा लटकता काटा मी आज आणलाय, मागच्या बाकावर आहे. जेवायला जाताना आपापली पिशवी लावून बघा. सरांच्या पिशवीपासून सुरुवात करू, कारण तिच्यात अजून तपासायच्या वह्या असाव्यात असा मला दाट संशय आहे.