सुईची जखम आणि आरोग्यसेवकांचे संरक्षण

रुग्णाला इंजेक्शन देऊन झाले की उपचार संपला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु वापरलेल्या सुईचा प्रवास तेथे संपत नाही. परिचारिकेच्या हातून ती ट्रेमध्ये आणि निष्काळजीपणा झाला तर साध्या कचऱ्यात जाते. तेथे ती सफाई कामगाराच्या बोटात शिरते.

बाधित रुग्णाची सुई टोचल्यास एच.आय.व्ही.चा संसर्ग सुमारे १,००० प्रसंगांपैकी ३ प्रसंगी होतो. हिपॅटायटिस 'बी' या काविळीच्या बाबतीत मात्र, लस न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १०० पैकी ६ ते ३० इतके आहे. ज्या रोगाची धास्ती कमी, त्याचाच धोका अधिक! सुदैवाने त्यावर प्रभावी लस आहे. पहिल्या मात्रेनंतर एक महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी मात्रा घ्यावयाची असते. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार, हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ते लावतानाच अनेकदा जखम होते. सुई जागच्या जागी यंत्राने कापून पांढऱ्या, अर्धपारदर्शक व न भेदल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी. डबा तीन-चतुर्थांश भरताच बदलावा.

तरीही सुई टोचलीच, तर जखम साबण व पाण्याने धुवावी. ती पिळू नये, चोखू नये. त्यानंतर विनाविलंब वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. एच.आय.व्ही.प्रतिबंधक औषधे शक्यतो २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस 'सी'वर लस नाही. परंतु वेळीच तपासणी झाल्यास तो आज औषधांनी बरा होऊ शकतो.

येथे खरी अडचण औषधाची नसून संकोचाची आहे. वरिष्ठ रागावतील, लोक संशय घेतील, या भयाने जखम दडवली जाते आणि मोलाचे तास निघून जातात. म्हणून जखमेची नोंद म्हणजे दोषारोप नव्हे, हा विश्वास अधिकाऱ्यांनी निर्माण करावयास हवा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीस बसणाऱ्या लोकप्रतिनिधींनीही दोन प्रश्न अवश्य विचारावेत: सुयांचा डबा जागेवर आहे काय? आणि कंत्राटी सफाई कामगाराच्या तिन्ही मात्रा पूर्ण झाल्या आहेत काय? गावाचे आरोग्य राखणाऱ्या हातांचे रक्षण या साध्या विचारणेपासून सुरू होते.